‘वरून आलंय’ हे उत्तर नव्हे

अभ्यासक्रम आणि परीक्षा हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, पालकांनी त्यात लुडबुड करू नये, हे मत आपल्याकडे मंत्रालयापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत रुजलेलं आहे. ते मांडणाऱ्यांचे तीन मुद्दे आहेत. पाठ्यपुस्तक घडवणं हे विषयज्ञानाचं आणि बालमानसशास्त्राचं काम आहे, ते बहुमताने होत नाही. पालकांना वाव दिला की त्यांच्या आडून राजकारण शिरतं. आणि पालकांसाठी शाळा व्यवस्थापन समिती आहेच, आणखी काय हवं? तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे.

आधी ठरवतं कोण, ते पाहू. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ नुसार पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत शासनाने नेमलेलं शैक्षणिक प्राधिकरण ठरवतं. महाराष्ट्रात हे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. पुस्तकं १९६७ साली स्थापन झालेली ‘बालभारती’ काढते. दहावी-बारावीची परीक्षा राज्य मंडळाची, शिष्यवृत्तीची परीक्षा परिषदेची. आणि या सगळ्यांच्या वर मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय. मेळघाटातल्या किंवा शिराळ्यातल्या पालकाने एखाद्या धड्याबद्दल विचारलं, तर शिक्षक मुख्याध्यापकांकडे बोट दाखवतात, मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक पायरीवर उत्तर एकच: ‘वरून आलंय.’

आता पहिला मुद्दा, तज्ज्ञतेचा. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’सोबत ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं आणि गदारोळ उठला. त्यामागचं कारण भक्कम होतं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे लहान मूल ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहून बसतं. रूढ वाचन पुस्तकातून काढलेलंही नव्हतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे सगळं समजावून सांगितलं, पण विधानसभेत त्यावर कोट्या व्हायच्या त्या झाल्याच. हाच खुलासा पुस्तकाआधी प्रत्येक शाळेच्या पालकसभेत वाचून दाखवला असता, तर एका चांगल्या कल्पनेची अशी परवड झाली नसती. तिथे तज्ज्ञांचं नुकसान पालकांच्या प्रश्नांनी केलं नाही, खात्याच्या अबोल्याने केलं.

शिवाय प्रत्येक निर्णय तज्ज्ञांचाच असतो, हेही खरं नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा शासनाच्याच भाषा सल्लागार समितीने त्याला विरोध केला. २०२३ साली पुस्तकांत वहीची कोरी पानं घालून त्यांचे भाग पाडले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. तज्ज्ञांचा मान राखायचा, तर आधी हुकूम आणि तज्ज्ञमत यांतला फरक लोकांना दिसू दिला पाहिजे.

दुसरा मुद्दा राजकारणाचा. त्याच हिंदी सक्तीचा प्रवास पाहा. एप्रिलमध्ये निर्णय, मग माघारीची भाषा, १७ जूनला सुधारित निर्णय, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. पालक आणि शिक्षक पहिल्या दिवसापासून हरकती घेत होते. दोन्ही निर्णय रद्द झाले ते मात्र ५ जुलैच्या सक्तीविरोधी मोर्चाची घोषणा झाल्यावर. यातून पालकांनी काय धडा घ्यायचा? अर्ज निरुपयोगी, मोर्चा उपयोगी, हाच ना? शाळेत राजकारण येऊ नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी साध्या अर्जाला वजन दिलं पाहिजे.

तिसरा मुद्दा शाळा व्यवस्थापन समितीचा. कलम २१ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. ही तरतूद मोलाचीच आहे. पण समितीचं काम शाळेवर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाचा विनियोग. इतिवृत्ताची वही उघडून पाहा: पोषण आहार, गणवेश, शौचालयाची दुरुस्ती, कुंपणाची भिंत, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. मूल काय शिकतं, त्याची परीक्षा कशी होते, याला बहुधा त्या शेवटच्या ओळीतच जागा मिळते, तीही सह्या झाल्यावर. कलम ३२ खाली तक्रार करावी, तर ती स्थानिक प्राधिकरणाकडे जाते. तीन महिन्यांत निकाल द्यायचा, अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. पण जिल्हा परिषदेसारख्या या प्राधिकरणाला धड्यातली एक ओळही बदलता येत नाही. तक्रार ऐकणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा, अशी ही रचना आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना तर ही समिती लागूच नाही.

आणि कायदा स्वतः काय म्हणतो? अभ्यासक्रम आणि मूल्यमापन मुलाला भीती, आघात आणि चिंतेपासून मुक्त करणारं असावं, असं कलम २९ सांगतं. परीक्षेच्या ओझ्याबद्दल विचारणारी आई लुडबुड करत नाही. ती कायद्याची अंमलबजावणी मागते आहे.

मग पालकांना नकाराधिकार द्यायचा का? मुळीच नाही. उद्या कुणी उत्क्रांतीचा धडा नको म्हणेल, कुणी फुले-आंबेडकर नकोत म्हणेल. मूल आईवडिलांचं असतं, तसं ते उद्याचं नागरिकही असतं, आणि त्याच्या शिक्षणावर संविधानाचाही हक्क आहे. पालकांना हवा आहे तो उत्तर मागण्याचा अधिकार. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

एक, मसुदा वेळेत आणि समजेल असा. मे २०२४ मध्ये शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा शेकडो पानांचा मसुदा आला आणि हरकतींची मुदत होती ३ जूनपर्यंत, म्हणजे ऐन सुट्टीत. इथून पुढे मुदत साठ दिवसांची असावी, शाळा भरलेल्या असताना असावी, आणि चार पानी सारांश समितीच्या सभेत वाचला जावा.

दोन, समितीने अभ्यासक्रमाबद्दल केलेला ठराव थेट राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे जावा, त्याला क्रमांक मिळावा आणि पंचेचाळीस दिवसांत सकारण लेखी उत्तर यावं. हरकत अमान्य झाली तरी चालेल. का अमान्य झाली, ते कळलं पाहिजे.

तीन, तपासलेली उत्तरपत्रिका घरी दाखवली जावी. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आणि दहावी-बारावीला छायाप्रत मिळतेही. नियतकालिक चाचण्यांचे गुण मात्र ऑनलाइन भरून वर पाठवले जातात. मुलाचं गाडं हातच्याला अडलं की शाब्दिक उदाहरण समजण्यात, हे मुलाच्या घरी कळायला नको?

यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. तो निघेपर्यंत समितीतल्या पालकांनी पुढच्या सभेआधी मुख्याध्यापकांना लेखी विषय द्यावा, ठराव लिहून घ्यावा आणि त्याची प्रत मागावी. अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार परिषदेकडेच राहू दे. तो तसा का ठरवला, हे लेखी, मुदतीत आणि पालकांना कळेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारीही तिचीच आहे.