वर्गणी दिली, आता हिशोब दाखवा

क्राउडफंडिंगला मराठी शब्द शोधत बसू नका. तो आहेच, वर्गणी. शब्द जुना आहे, सगळ्यांना कळतो आणि हिशोब त्याच्या मागोमाग न सांगता येतो. आमच्या महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही वाडीत शिमग्याला शंभर रुपये देणारा माणूस गावकीच्या बैठकीत उभा राहतो आणि विचारतो, "मांडवाच्या दोरीला गेल्या साली इतके लागले, यंदा इतके कसे काय?" त्याला कुणी देवाचा वैरी म्हणत नाही. मुंबई मंडळाचा खजिनदार चष्मा पुसतो, वही उघडतो, पावती दाखवतो. नाही दाखवली तर पुढच्या साली खजिनदार बदलतो.

आता याच वाडीतला एखादा पोरगा, अजून छापलाही न गेलेल्या एका बोर्ड गेमसाठी आठ-नऊ हजार रुपये भरतो. वर्षभर थांबतो. मग विचारतो, "काम कुठवर आलं? पैसे कशावर गेले?" त्यावर गेम बनवणारा गप्प राहिला तर एक वेळ समजू शकतं. पण अंगावर येतात ते त्याच गेमचे चाहते. "धीर नाही तर पैसे कशाला टाकलेस?" "कलाकाराला त्रास देऊ नकोस." "हे दुकान नाही."

माझं भांडण या चाहत्यांशी आहे. मीही त्यांच्यातलाच, हिरकणीवाडीत रोपवेच्या पायथ्याशी राहून सहकारी बोर्ड गेमच्या मागे वेडा झालेला. म्हणूनच भांडण.

सहकारी गेम म्हणजे ज्यात एकमेकांना हरवायचं नसतं. सगळे मिळून पटाविरुद्ध खेळतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मॅट लिकॉकचा २००८ सालचा 'पॅन्डेमिक' अनेकांना माहीत असेल, जगभर पसरणारे रोग मिळून आवरायचे. माझा जीव मात्र 'स्पिरिट आयलंड'वर. आर. एरिक रॉयस यांचा हा गेम २०१५ मध्ये किकस्टार्टरवर लोकांच्या पैशांतून उभा राहिला आणि २०१७ मध्ये हाती आला. खेळाडू एका बेटावरचे आत्मे होतात, कुणी वीज, कुणी नदी, कुणी सावली, आणि बाहेरून येणाऱ्या वसाहतवाद्यांना हुसकावून लावतात. ते आक्रमक एखाद्या प्रदेशात आधी फिरायला येतात, मग बांधकाम करतात, मग जमीन उजाड करतात. रायगडाच्या पायथ्याशी दर शनिवार-रविवारच्या गाड्या आणि प्लॉटच्या पाट्या बघणाऱ्याला हे नियम फार समजावून सांगावे लागत नाहीत.

अशा गेममध्ये एक रोग असतो. त्याला जगभरचे खेळाडू 'अल्फा प्लेअर' म्हणतात. चौघे बसतात, पण एकच जण खेळतो. "तू ते पान टाक, तू इकडे सरक, थांब, तू काही करू नकोस." बाकी तिघे त्याची प्यादी. 'स्पिरिट आयलंड' मला आवडतो तो याचसाठी, की त्यात प्रत्येकाच्या हातात स्वतःचंच इतकं काही असतं की दुसऱ्याचा हात चालवायला कुणाला फुरसत होत नाही. सहकार्य म्हणजे एकाचं ऐकणं नव्हे, हे त्या गेमच्या रचनेतच बसवलेलं आहे.

आणि याच गेमचे चाहते पैशांचा विषय निघाला की अल्फा प्लेअर होतात. कुणी काय विचारावं, केव्हा विचारावं, किती नम्रपणे विचारावं, सगळं तेच ठरवणार. पटावर सगळ्यांचा आवाज सारखा, आणि पट विकत घेताना "तू गप्प बस".

"हे दुकान नाही" हे वाक्य कुठून आलं तेही सांगतो. किकस्टार्टर सुरू झालं २००९ मध्ये. २०१२ मध्ये त्यांनीच जाहीर करून टाकलं की आम्ही दुकान नाही. बरोबर आहे. तिथे तुम्ही वस्तू विकत घेत नाही, ती घडावी म्हणून पैसे देता. पण दुकानात मी पैसे मोजतो आणि वस्तू घेऊन बाहेर पडतो. दुकानदाराने नफा किती घेतला, हा प्रश्न मला पडत नाही. दुकान नाही म्हणता, तर मग मला वस्तूची हमीही नाही आणि हिशोबही नाही? दोन्हीतलं एक तरी द्या. वस्तूची खात्री देता येत नसेल तर वहीची द्या.

गंमत म्हणजे हे किकस्टार्टरच्या स्वतःच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. प्रकल्प पुरा करता आला नाही तर काय काम झालं, पैसे कसे खर्च झाले आणि अडलं कुठे, हे पैसे देणाऱ्यांना सांगायचं. म्हणजे हिशोब मागणं हा उद्धटपणा नाही, तो करारातला भाग आहे. फक्त तो बुडाल्यावर मागायचा, एवढीच त्यांची सोय. स्वतःचे पाच टक्के मात्र प्रकल्पाला पैसे मिळाले की लगेच कापून घेतात. बुडेपर्यंत थांबून मग वही बघायची हा शहाणपणा आमच्या गावकीला सुचला नसता.

बुडाल्यावर काय होतं त्याचा दाखला आहे. 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' नावाच्या गेमसाठी २०१२ मध्ये लोकांनी १ लाख २२ हजार डॉलर दिले. २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कारवाई केली, क्राउडफंडिंगमधली त्यांची ती पहिलीच. पैसे घरभाड्यावर, घर हलवण्यावर आणि दुसऱ्याच कामावर गेले होते, असं कमिशनचं म्हणणं. १ लाख ११ हजार डॉलर भरायचा आदेश निघाला, आणि भरायची ऐपत नाही म्हणून तो लगेच स्थगितही झाला. पुढे दुसऱ्या एका कंपनीने तो गेम काढून आधीच्या लोकांना फुकट दिला, तो तिचा चांगुलपणा. हिशोबाची वही वेळेवर कुणी बघितली असती तर कमिशनपर्यंत जायची पाळी कदाचित आली नसती.

आता कुणी म्हणेल, चार भामट्यांवरून सगळ्यांना झोडपतोस. नाही झोडपत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलचे ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरचा अभ्यास केला, त्यात ठरलेली वस्तू न देणारे प्रकल्प निघाले ९ टक्के. म्हणजे बहुतेक लोक प्रामाणिक आहेत. मग प्रामाणिक माणसाला वही उघडायला भीती कसली? उशीर झाला म्हणून कुणी फाशी देत नाही. 'फ्रॉस्टहेवन' घ्या. २०२० मध्ये त्र्याऐंशी हजारांवर लोकांनी मिळून जवळपास १ कोटी ३० लाख डॉलर दिले. हा गेमही सहकारी. मार्च २०२१ मध्ये देऊ असं म्हटलेलं खोकं लोकांच्या हाती पडायला २०२२ ची अखेर आणि २०२३ उजाडलं. मधे कोविड, जहाजांचं भाडं, पंधरा किलोच्या वर वजनाचं खोकं. पण काम कुठवर आलं, छपाई कुठे अडली, ते मधल्या काळात वरचेवर कळत राहिलं. लोक थांबले. माणूस उशिरापेक्षा अंधाराला जास्त वैतागतो.

आपल्याकडे हे सगळं नवीन असल्याचा एक आव असतो, तोही मला मान्य नाही. हिरकणीवाडीच्या डोक्यावरच पुरावा आहे. शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी १८९५ मध्ये 'केसरी'तून वर्गणीची चळवळ उभी केली. समाधीचं काम पुरं व्हायला १९२६ च्या आसपासचं साल उजाडलं. तीस वर्षं! किकस्टार्टरवाल्यांनी यावर खूश व्हायला हरकत नाही. दुसरा दाखला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचा. माणशी एक पैसा गोळा करून त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. वस्तू घडायच्या आधी अनोळखी लोकांनी थोडे थोडे पैसे द्यायचे, ही कल्पना आपल्याला न्यूयॉर्कहून आणावी लागलेली नाही. आणलं असेल तर ते प्रश्न न विचारण्याचं वळण.

आणि घाईही आणली. पहिल्या चोवीस तासांत पैसे भरलेत तर एक सोंगटी जास्त. फक्त बॅकरना मिळणारं पान, पुन्हा कधीच मिळणार नाही. रक्कम अमुक आकड्यापुढे गेली की आणखी एक आत्मा, आणखी एक नकाशा. पालखीच्या वर्गणीत "आज रात्री बाराच्या आत द्याल तर प्रसाद दुप्पट" असं कुणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. माणसाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच हे सगळं असतं.

यात आपला तोटा दुप्पट आहे. टपालखर्च आणि कस्टम धरून गेमची किंमत कुठल्या कुठे जाते. किकस्टार्टरवर प्रकल्प उभा करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, म्हणजे पैसे द्यायला आपण चालतो, मागायला चालत नाही. तरी मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने २०१९ मध्ये 'शासन' तिथेच उभा केला आणि २०२१ मध्ये 'शासन : आझादी', ज्यात खेळाडू साम्राज्याविरुद्ध मिळून लढतात आणि सत्तेसाठी आपसातही झगडतात. पूर्ण सहकारी नाही, पण आपल्या इतिहासाला जास्त जवळचा, असं म्हणायला जागा आहे. उद्या महाडच्या कुणा पोरीला गेम काढायचा असेल तर तिलाही लोकांकडेच यावं लागेल. तिच्यासाठी तरी ही वही उघडी ठेवायची सवय आज लागायला हवी. नाहीतर आधीच्यांनी विश्वास खाऊन टाकलेला असेल आणि तिच्या वाट्याला रिकामी पत्रावळ येईल.

"एवढा हिशोब मागितलात तर छोटे लोक गेम बनवणंच सोडतील," हा चाहत्यांचा शेवटचा मुद्दा. गावच्या पालखीचा खजिनदारही छोटाच माणूस असतो. दिवसभर गाडी चालवतो, रात्री वही लिहितो. छपाईला किती, सोंगट्यांच्या साच्याला किती, चित्रकाराला किती, जहाजाला किती, हातात किती उरले. पाच ओळी. तीन महिन्यांतून एकदा.

आम्ही चौघांनी मिळून पैसे टाकलेला एक गेम, नाव घेत नाही, चौदा महिने उशिरा आला. महाडच्या कुरिअरवाल्याकडून मोटरसायलवर खोकं बांधून आणलं, एक कोपरा चेपलेला. गेम उत्तम आहे. आठवड्यातून दोनदा खेळतो आणि बहुतेकदा हरतो. आता त्याच लोकांनी विस्तार-संच जाहीर केलाय, नवे आत्मे, नवा नकाशा, पहिल्या दिवशीची सोंगटी वगैरे सगळं. आम्ही पैसे भरायच्या आधी त्या पाच ओळी विचारल्यात. चाहत्यांच्या ग्रुपवरून चौघांनाही काढून टाकलंय. बनवणाऱ्यांकडून उत्तर आलेलं नाही. मुदत संपायला नऊ दिवस आहेत.