मालकांच्या नावांची गावे

शहरांच्या नामांतराचे राजकारण गेली काही वर्षे जोरात चालू आहे. २०१८ साली अलाहाबादचे प्रयागराज झाले, २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांनी इतिहासाचा हिशेब चुकता केल्याचा आव आणला. परंतु या देशात नावांचा आणखी एक नकाशा आहे आणि त्याकडे बोट दाखविण्याचे धैर्य त्यांच्यापैकी कोणीही केलेले नाही. जमशेटजी टाटांचे जमशेदपूर, गुजरमल मोदींचे मोदीनगर, दालमियांचे दालमियानगर, वालचंद हिराचंदांचे वालचंदनगर, किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी! जे नाव कारखानदाराचे, तेच गावाचे.

जमशेदपूरचेच उदाहरण घ्या. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ, आदिवासींच्या मुलखात, साकची नावाचे गाव होते. १९०७ साली स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीने तेथे पोलादाचा कारखाना उभारला. पहिल्या महायुद्धात या कारखान्याने ब्रिटिश साम्राज्याला रूळ आणि पोलाद पुरविले. त्या सेवेची पावती म्हणून १९१९ साली व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीला जमशेटजींचे नाव दिले. जमशेटजी तर १९०४ सालीच वारले होते. भट्टीपुढे होरपळणाऱ्या मजुराचे नाव मात्र एखाद्या गल्लीलाही मिळाले नाही. त्याने आपले अस्तित्व १९२०, १९२२ आणि १९२८ च्या संपांनी नोंदविले, आणि १९५८ साली कॉम्रेड केदार दास यांच्या नेतृत्वाखालील झुंजार संपाने पुन्हा एकदा नोंदविले.

तेथील पाणी, रस्ते, इस्पितळे इतर अनेक शहरांहून बरी आहेत, असे सांगितले जाते. ते मान्य करूनही प्रश्न उरतोच. मूळ जमशेदपूरच्या नागरिकाला आपली नगरपालिका निवडण्याचा अधिकार मिळालेला नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांना निर्वाचित स्वराज्य दिले; परंतु जेथे कारखानाच नागरी सेवा पुरवितो, त्या औद्योगिक नगरीला वगळण्याची वाटही त्याच दुरुस्तीत ठेवली. म्हणजे नळाला पाणी येईल, पण ते हक्क म्हणून नव्हे, मालकाची मेहेरबानी म्हणून! गावाला मालकाचे नाव असण्याचा खरा अर्थ हा आहे.

मेहेरबानी किती टिकते, हे बिहारमधील दालमियानगरने दाखवून दिले. सिमेंट, कागद, साखर अशा अनेक धंद्यांनी गजबजलेला तेथील रोहतास इंडस्ट्रीजचा पसारा १९८४ साली बंद पडला. हजारो कामगार देशोधडीला लागले. भांडवल निघून गेले, धुराडी थंडावली आणि पाटीवर भांडवलदाराचे नाव तेवढे उरले.

याच्या शेजारी सोलापूरनजीकचे कुंभारी ठेवून पाहावे. लाल बावट्याखाली वर्षानुवर्षे लढून विडी कामगार स्त्रियांनी तेथे सहकारी तत्त्वावर दहा हजार घरांची वसाहत मिळविली. २००६ साली ती उभी राहिली आणि तिला कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचे नाव देण्यात आले. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करणाऱ्या गोदूताईंचे नाव कोणा व्हाइसरॉयने बहाल केले नाही. ज्यांनी घरांसाठी लढा दिला, त्यांनीच ते निवडले. अर्थात केवळ नावाने भागत नाही, हे आपणही विसरता कामा नये. घर उभे राहिले, तरी विडी वळणाऱ्या बाईच्या किमान वेतनाचा लढा संपत नाही.

म्हणून जमशेदपूरचे नाव बदला, अशी आमची मागणी नाही. पाट्या रंगविण्याचे काम राज्यकर्त्यांनाच लखलाभ होवो! आमची मागणी अशी आहे की, प्रत्येक औद्योगिक नगरीत निर्वाचित नगरपालिका हवी. बंद कारखान्याच्या मालमत्तेवर पहिला हक्क कामगारांच्या थकलेल्या देण्याचा हवा. आणि कारखाना थांबला, तरी कामगाराचे छप्पर शाबूत राहिले पाहिजे. गाव कोणाच्या नावाचे, हा प्रश्न दुय्यम आहे. गाव कोणाचे, हाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर संघटित कामगारवर्गालाच द्यावे लागेल.