शेपटीचे ओझे

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. वस्तुतः मोल असतेच. पुष्कळदा ते हौस करणाऱ्याऐवजी दुसऱ्याला द्यावे लागते, इतकेच. आपल्या बाजारात 'फायटर' या नावाने विकल्या जाणाऱ्या बेट्टा माशाची हकीकत या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

थायलंडमधील भातखाचरे आणि उथळ, संथ पाणवठे हे या माशाचे मूळ घर. तेथे त्याला 'पला कात', म्हणजे चावणारा मासा, म्हणतात. १९१० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी त्याला 'बेट्टा स्प्लेंडन्स' हे नाव दिले आणि २०१९ मध्ये थायलंड सरकारने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. मूळचा मासा मात्र दिसायला साधा: मळकट रंगाचा, आखूड परांचा आणि चपळ. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार माणसाने त्याला किमान एक हजार वर्षांपूर्वी पाळीव केले. ही पैदास दीर्घकाळ झुंजीसाठी होती आणि झुंजणाऱ्याला लांब पर परवडणारे नव्हते.

पुढे झुंजीची जागा शोभेने घेतली. प्रथम पदरासारखी लोंबणारी शेपटी आली; नंतर दुभंगलेली; नंतर इंडोनेशियात तयार झालेली, मुकुटासारखी दातेरी. 'अर्धचंद्र' प्रकारात तर शेपटी पूर्ण उघडली असता तिच्या दोन्ही कडांत १८० अंशांचा कोन झाला पाहिजे, अशी अट. प्रदर्शनांत परीक्षक या मापाने गुण देतात. परंतु हा गुण एखाद्या जनुकाच्या मुठीत नाही. अर्धचंद्री नर-मादीची सर्व पिल्ले अर्धचंद्री निघत नाहीत. म्हणून एका विणीच्या शेकडो पिल्लांतून मोजकी निवडायची, भावंडांचाही परस्परांशी संकर करायचा आणि पुढच्या पिढीत पुन्हा तीच चाळणी लावायची, असा हा खटाटोप आहे.

या पद्धतीला आमचा तात्त्विक विरोध नाही. गाय, कोंबडी, गहू, गुलाब हे सारे माणसाच्या निवडीतूनच घडले. झुंजीपेक्षा शोभा बरी, हा शौकिनांचा युक्तिवादही खोटा नाही आणि थायलंडमधील अनेक कुटुंबांचे पोट या व्यवसायावर चालते, हेही विसरता येणार नाही. प्रश्न एवढाच की, निवडीला मर्यादा कोणती?

ती मर्यादा माशाच्या देहानेच आखून दिली आहे. बेट्टा कल्ल्यांनी श्वास घेतोच. पण पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो. डोक्यातील खास अवयवामुळे त्याला हे साधते आणि म्हणूनच तो प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात टिकतो. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, खाली पडणारी अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत राखण करतो. म्हणजे श्वास आणि संसार दोन्हींसाठी त्याला सतत वरखाली करावे लागते. शेपटीतील काड्यांना फाट्यांमागून फाटे फुटून ती गुलाबाच्या पाकळ्यांसारखी दाट झाली की, हेच काम त्याला जड जाते. काही मासे तळाशी टेकून राहतात, काही स्वतःचीच शेपटी कुरतडतात. दुहेरी शेपटीच्या माशांचे शरीर आखूड असते आणि पाठीचा कणा वाकडा असण्याचा दोष त्यांत अनेकदा आढळतो.

जे सौंदर्य धारण करणाऱ्याला नीट हलू देत नाही, त्याला सौंदर्य का म्हणावे? परीक्षकांनी पराचा कोन जरूर मोजावा. पण तो मासा सहज पोहतो काय, न धापता वर येतो काय, यालाही तेवढेच गुण द्यावेत. नियम बदलला की पैदासही बदलेल, कारण पैदास करणारा अखेर बक्षिसाकडे आणि गिऱ्हाइकाकडे पाहतो.

गिऱ्हाईक म्हणजे आपणच. मुलाच्या हट्टाखातर वा टेबलाच्या शोभेसाठी बरणीतला मासा घरी आणण्यापूर्वी त्याच्या शेपटीकडे नव्हे, पोहण्याकडे पाहावे. आखूड परांचा, चपळ मासा मागावा आणि बरणीऐवजी त्याला वावरता येईल एवढी टाकी द्यावी. आपल्या हौसेचे मोल आपणच चुकते करायचे, तर सुरुवात एवढ्यापासून करता येईल.