स्वमग्न मूल आणि पडद्यावरचा रस्ता

भाताचे रोप आणि बाळंतिणीचा आहार यांच्या शेजारी आज आम्ही थोडा वेगळा विषय घेत आहोत. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे यंत्र चढवून खेळायचे आभासी जगाचे खेळ निघाले आहेत. त्यांनी ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न, मुलांची विचारशक्ती वाढते, असे ऐकून पालक ते विकत घ्यावेत का म्हणून विचारतात. आमच्या मते खेळ खोटा नाही. पण यंत्राआधी शेजारी बसणारे माणूस हवे.

विचारशक्ती म्हणजे काय, हे आधी पाहू. पुष्कळ स्वमग्न मुलांना पाढे, तारखा, मोटारींचे नंबर तोंडपाठ असतात. अडते ते दुसरीकडे. पुढचे पाऊल ठरवणे, मनात आलेली धाव आवरणे, ठरलेला बेत मोडला तर दुसरा स्वीकारणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले ओळखणे. हे सरावाने येते, आणि खऱ्या रस्त्यावर सराव करताना एक चूकही महागात पडते. शिवाय गोंगाटाने मूल आधीच बावरलेले असते. खेळात मोटार थांबवता येते, आवाज कमी करता येतो, तोच प्रसंग वीस वेळा जसाच्या तसा आणता येतो, आणि चुकल्यास कोणी हसत नाही.

अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दोन स्वमग्न मुलांना असे यंत्र लावून रस्त्याचे चित्र दाखवले. मुलांनी ते सहन केले आणि चित्रातल्या मोटारी ओळखल्या. पुढे टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी ७ ते १६ वर्षांच्या ३० मुलांवरचा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध केला. ५ आठवड्यांत एकेक तासाच्या १० बैठका झाल्या. भावना ओळखणे आणि साम्य शोधून विचार करणे यांत प्रगती दिसली. मात्र ही बोलणारी, बुद्धीने बरी मुले होती. जे मूल बोलतच नाही त्याला हा निष्कर्ष लावता येणार नाही. डोळ्यांवर यंत्रही नव्हते, साध्या संगणकाचा पडदा होता. आणि त्या आभासी जगात प्रशिक्षित माणसे मुलांशी सतत बोलत, त्यांना वळण लावत होती. जाहिरातीतून नेमकी हीच माणसे गळतात.

तरवा वाफ्यात कितीही हिरवागार उगवला तरी लावणी केल्याशिवाय लोंबी धरत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पडद्यावर रस्ता ओलांडणारे मूल गावच्या रस्त्यावर थबकू शकते, कारण एका ठिकाणचे शिकणे दुसरीकडे नेणे हीच तर त्याची अडचण असते.

आम्हाला काळजी वाटते ती आयांची. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा १९६० च्या दशकात ब्रूनो बेटेलहाइम यांनी गाजवलेला समज केव्हाच खोटा ठरला आहे. तरी घरोघरी बोल अजून आईलाच लागतो. अशी दुखावलेली आई दागिने मोडून काहीही विकत घेईल. तिने घेऊ नये. स्वमग्न मुलांत फेफऱ्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते, आणि लुकलुकत्या प्रकाशाने काहींना झटका येतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र मुलाच्या डोळ्यांवर चढवू नये. वयाची अट खोक्यावर छापलेली असते, तीही वाचावी. धर्मग्रामाने निधी जमवलाच, तर तो आधी विशेष शिक्षिकेच्या मानधनावर व जाण्यायेण्यावर खर्च व्हावा. यंत्राचे नंतर पाहू.

तोवर मोबाईलवरही बरेच करता येते. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी असेल तर घरापासून चर्चपर्यंतची वाट, दरवाजा, बाक, वेदीपुढची रांग यांचे चित्रण करावे, आणि मुलाला ते रोज थोडे दाखवावे. जिथे ते घाबरते तिथे थांबावे, पुढे काय होईल ते त्यालाच विचारावे. मग फादरांना सांगून एखाद्या दुपारी रिकाम्या चर्चमध्ये न्यावे, अभिमंत्रित न केलेल्या भाकरीची चव देऊन पाहावी. त्यानंतर आठवड्यातली, कमी गर्दीची मिस्सा. सणाची मिस्सा, बँड आणि फटाके सगळ्यात शेवटी.