‘कुठेतरी चिकटवा’

सेवानिवृत्तीनंतर आमच्याकडे येणाऱ्या मंडळींची एक मागणी ठरून गेली आहे. चहा होतो, पैनगंगेच्या पाण्याची व कापसाच्या भावाची चौकशी होते, आणि चपला घालता घालता आवाज खाली येतो, “साहेब, मुलगा पदवीधर झाला आहे. कुठेतरी चिकटवा.” हा शब्द आता आम्हांला सहन होत नाही. पाकिटाला तिकीट चिकटवतात. चांगला धडधाकट मुलगा चिकटवण्याची भाषा बापाच्या तोंडी शोभत नाही.

राज्य शासनाच्या सेवेत असताना निवडीच्या टेबलापलीकडे आम्ही बरीच वर्षे बसलो. अर्जांची छाननी केली, प्रमाणपत्रे पडताळली, मुलाखती घेतल्या. त्या बाजूने उमेदवार कसा दिसतो, हे आपल्या घरांतून आम्हांला कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच, की सांगावे कोणाला?

कोणालाही नाही. तेलंगणा शासनाने 2022 साली ग्रुप-1 आणि ग्रुप-2 च्या मुलाखतीच रद्द केल्या. वशिल्याने जाऊन बसावे अशी खुर्चीच त्या खोलीत राहिली नाही. तरीही चिठ्ठी मागितली जाते, याचे मूळ आमच्या मते आपल्या इतिहासात आहे. देशमुखी, देशपांडेपण, पटवारीपण घेऊन आपली घराणी या मुलखात नांदली. बापाचे दप्तर मुलाकडे जाई. अर्ज नव्हता, परीक्षा नव्हती. 1984 च्या अध्यादेशाने गावकामगारांची ती पदे संपली. दप्तर गेले, दप्तराची आशा मात्र घरात राहिली. पुढे कागजनगरच्या गिरणीत लागलेल्यांनीही नोकरीकडे वतन म्हणूनच पाहिले. ती गिरणी 2014 साली बंद पडली आणि 2018 मध्ये नव्या मालकाच्या हाताखाली सुरू झाली. मधल्या काळात तेथील घरांनी काय सोसले, हे या पत्रिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता सरकारी पदाची वाट पाहण्याविषयी. ग्रुप-1 च्या 503 पदांची जाहिरात एप्रिल 2022 मध्ये निघाली. ऑक्टोबरात पूर्वपरीक्षा झाली, ती पेपरफुटीमुळे मार्च 2023 मध्ये रद्द झाली. जूनमध्ये पुन्हा घेतली, ती सप्टेंबरात उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. फेब्रुवारी 2024 मध्ये 563 पदांची नवी जाहिरात आली. या घोळाचा दोष अभ्यास करणाऱ्या मुलांवर टाकणारा माणूस निर्दयच म्हटला पाहिजे. पण या दोन वर्षांत मुलाला घरी बसवून, “तू फक्त वाच, बाकी आम्ही पाहतो,” असे म्हणणारे वडील आम्ही मोजून दाखवू शकतो. अर्ज पाहणाऱ्याला तुमच्या घरातली माया दिसत नाही. त्याला कोरी राहिलेली दोन वर्षे दिसतात. दुकानाचा हिशेब लिहिला असता, शिकवणी घेतली असती, तरी त्या जागी एक ओळ आली असती.

आता आमच्याच घरातली चूक सांगतो, म्हणजे केवळ इतरांनाच बोल लावल्याचा आरोप नको. आमच्या पुतण्याला पहिली ते चौथी किनवटला आजीकडे ठेवावे, हा आग्रह आमचा. चांगले मराठी कानावर पडेल, शुद्ध लिहील, हा हेतू. त्या काळी यात काही बिघडत नव्हते; स्थानिक उमेदवारी दहावीकडच्या वर्षांवरून ठरे, आणि ती वर्षे त्याने येथेच काढली. परंतु 2018 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर पहिली ते सातवी या सात वर्षांपैकी किमान चार वर्षे जेथे शिक्षण झाले, ते स्थान धरले जाऊ लागले. पुतण्याची चार वर्षे सीमेपलीकडे गेलेली. ज्याचे पणजोबा या मातीत गेले, तो कागदावर परका ठरला, आणि स्थानिकांसाठी राखलेल्या 95 टक्के जागांचे दार त्याला बंद झाले. ज्या टेबलावर बसून आम्ही इतरांचे अर्ज बाजूला ठेवले, तेथे आता बसलो असतो तर त्याचाही अर्ज आम्हांला बाजूला ठेवावा लागला असता. सीमाप्रश्नातील कर्नाटकातल्या 865 गावांतील मराठी उमेदवारांना महाराष्ट्र शासन आपल्या भरतीत सवलत देते. आदिलाबादकरांची नोंद त्या यादीत नाही.

यावरून काही मंडळी निष्कर्ष काढतात, की मराठीनेच मुलांचा घात केला. आता घरात इंग्रजी बोला. हे आम्हांला मुळीच मान्य नाही. घात मराठीने केला नाही. एकही भाषा पुरती लिहिता न येण्याने केला. आपल्या मुलांना तेलुगू बोलता येते, अर्ज लिहिता येत नाही. मराठी बोलता येते, चार ओळींचे पत्र जमत नाही. राष्ट्रीयीकृत बँकांतील लिपिकपदाला अधिवासाची अट नसते, ज्या राज्यासाठी अर्ज करावा तेथील भाषा लिहिता-वाचता-बोलता यावी लागते. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, मात्र स्थानिक भाषा दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते. म्हणजे दोन भाषा खरोखर येणाऱ्या मुलाला नदीच्या दोन्ही तीरांवर दारे आहेत. आमच्या परिचयाचे एक जिनिंगमालक म्हणतात, काट्यावर मला असा मुलगा हवा, जो यवतमाळकडच्या शेतकऱ्याशी मराठीत, येथल्याशी तेलुगूत बोलेल आणि संध्याकाळी संगणकावर हिशेब बिनचूक मांडेल. असे मुलगे आपल्या घरोघरी आहेत. पण आमच्याकडे आलेल्या बायोडाट्यांत ‘भाषा’ या सदरात बहुतेकांनी एकच शब्द लिहिलेला असतो : इंग्रजी. तीही येत नसते!

पुतण्या सध्या महाराष्ट्रातील लिपिकपदासाठी तयारी करीत आहे. आजीकडच्या चार वर्षांचा उपयोग झाला तर तेथेच होईल. रोज एक पान मराठी लिहून आम्हांला दाखवतो, आणि आम्ही लाल शाईने तपासतो. ऱ्हस्वदीर्घावरून वादही होतात.

ज्यांना यायचे त्यांनी रविवारी सकाळी यावे. मुलाला बरोबर आणावे, बोलू द्यावे. पहिली ते सातवीपर्यंतचे शाळेचे दाखले आणावेत. चिठ्ठी मात्र मागू नये.