घोडा कोणाचा, वैरण कोणाची? शिलेदार, बारगीर आणि कबड्डीचा लिलाव

१/
जिंकणारा संघ उभा कसा राहतो? नावाजलेले, सिद्ध खेळाडू मोल देऊन आणावेत, की कोवळी पोरे हाताशी धरून त्यांना घडवावे? क्रीडाचर्चेत हा प्रश्न लिलावाच्या दिवशी निघतो आणि आठवड्यात विरतो. वस्तुतः तो दख्खनच्या लष्करी इतिहासातला फार जुना प्रश्न आहे. त्याचे एक ताजे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातून आलेले आहे. पण त्या उत्तराची अर्धी बाजू अजून कोणी मांडत नाही.

२/
सतराव्या शतकातल्या घोडदळात स्वार दोन प्रकारचे असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आल्या दिवसापासून लढाईस तयार. बारगीर तयार होण्यास वेळ लागे आणि पैसाही. आजच्या भाषेत, शिलेदार म्हणजे लिलावातला सिद्ध खेळाडू आणि बारगीर म्हणजे संघाने स्वतः घडवलेला नवखा.

३/
शिलेदाराची सोय मोठी, तशी अडचणही मोठी. घोडा मेला तर नुकसान त्याचे स्वतःचे. साहजिकच धोक्याच्या जागी त्याचा हात आखडे. बरोबरचे स्वारही त्याला मानणारे. तो गेला की एकटा जात नसे, पथक घेऊन जाई. मोलाने आलेला माणूस अधिक मोलाच्या वाटेने जाऊही शकतो, ही धास्ती दरबाराला कायम असे.

४/
याचे उदाहरण अहिल्यानगर शहराजवळच आहे. १६२४ मध्ये भातवडीस मलिक अंबरच्या निजामशाही फौजेने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. निजामशाहीतले एकेकाळचे मातब्बर सरदार लखुजी जाधवराव त्या वेळी मोगलांच्या बाजूला होते. त्यांचे जावई शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढत होते. मोठे नाव समोरच्या छावणीत गेले, तरी लढाई उरलेल्यांनी जिंकली.

५/
शिवाजी महाराजांच्या घोडदळात भर पागेवर होता. सभासदाच्या बखरीत ही व्यवस्था तपशिलाने येते: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. शिलेदार होते, पण पागेच्या वचकात. त्याहून महत्त्वाचा तपशील पावसाळ्याचा. लष्कर छावणीस परते, तेव्हा दाणा, वैरण, औषधे आणि शाकारलेली घरे आधीच सिद्ध ठेवलेली असत. घडवणे म्हणजे नुसती निवड नव्हे. चार महिने पोसणे.

६/
म्हणून महाराजांनी बाहेरचे अनुभवी लोक नाकारले काय? मुळीच नाही. विजापूरच्या चाकरीतून आलेले पठाण शिपाई त्यांनी ठेवून घेतले. मात्र आधी मावळात स्वतःची माणसे उभी राहिली आणि मग त्यांच्यात बाहेरचा अनुभव मिसळला. क्रम महत्त्वाचा. पाया आपला, आणि उणीव भरून काढण्यापुरते मोल देऊन आणलेले.

७/
हाच वाद अमेरिकन फुटबॉलमध्ये विसाव्या शतकात नियमांच्या रूपाने उतरला. १९३६ मध्ये फिलाडेल्फियात पहिला ‘ड्राफ्ट’ झाला. कल्पना बर्ट बेल या संघमालकाची: कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड तळाच्या संघाने आधी करावी, अव्वल संघाने शेवटी. पुढे निवडीचा हा हक्कच चलन बनला. आजचा अनुभवी खेळाडू हवा असेल तर उद्याची निवड देऊन टाकायची.

८/
१९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाची सूत्रे घेतलेल्या जॉर्ज ॲलन यांनी नेमके तेच केले. उद्याच्या निवडी देऊन त्यांनी मुरलेले खेळाडू जमवले. संघ लगेच वर आला आणि जानेवारी १९७३ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला; तिथे मायामीने त्याला १४–७ असे हरवले. ॲलन यांच्या कारकिर्दीत विजेतेपद काही आले नाही.

९/
पिट्सबर्गने उलटी वाट धरली. १९७४ च्या एकाच ड्राफ्टमध्ये निवडलेले त्यांचे चार खेळाडू पुढे त्या खेळाच्या सन्मानदालनात गेले. पहिल्या सहा हंगामांत संघाने चार विजेतेपदे मिळवली. ॲलन यांना फळ ताबडतोब मिळाले, पण अपुरे. पिट्सबर्गला भरघोस मिळाले. आडसाली ऊस लावणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

१०/
आता कबड्डीकडे. लिलाव येण्यापूर्वी महाराष्ट्रात नामवंत खेळाडूचे मोल नोकरीत मोजले जाई: बँक, रेल्वे, पोलीस, एखादी कंपनी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मोल उघड आकड्यात आले. त्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली होती १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमार यांच्यासाठी. चार वर्षांत आकडा कोटीपलीकडे गेला.

११/
२०१८ च्या लिलावात सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा गाठला. सर्वांत महाग मोनू गोयत, १ कोटी ५१ लाख, हरियाणा स्टीलर्सकडे. तो संघ आपल्या गटात तळाला राहिला. विजेता ठरला बंगळूरु बुल्स, ज्यांच्याकडे त्या सहांपैकी एकही नव्हता. एका हंगामाने सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे खरे. पण मोल आणि बळ यांचे माप एक नाही, हे इथे प्रथम ठसठशीत दिसले.

१२/
पुणेरी पलटणने हा धडा मैदानावर गिरवला. २०२१-२२ च्या हंगामात संघाकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही दोन मोठी नावे होती. हंगाम पुढे सरकला तशी चढाईची धुरा अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांकडे गेली आणि संघ बाद फेरीत पोहोचला. अस्लम श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. देवळाली प्रवरा ज्या राहुरी तालुक्यात आहे, त्याला हा तालुका लागूनच.

१३/
पुढच्या हंगामासाठी पलटणने इराणचा अनुभवी बचावपटू फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणला आणि त्याला कर्णधार केले. १७ डिसेंबर २०२२ रोजी अंतिम सामना जयपूरने ३३–२९ असा जिंकला. दुखापतींमुळे अस्लम आणि मोहित त्या दिवशी मैदानात नव्हते. अनुभवी कर्णधार होता, पण ज्यांनी संघ तिथवर आणला ती पोरे नव्हती. चार गुणांचा फरक त्या जागी पडला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१४/
नंतर आला निर्णायक हंगाम. फझल गुजरातकडे गेला. पलटणने तरुणांचा गाभा हलवला नाही, कर्णधारपद अस्लमला दिले आणि मोठी बोली एकाच जागेसाठी लावली: डाव्या कोपऱ्यात मोहम्मदरेझा शाडलुई, २ कोटी ३५ लाख. ९६ गुणांसह संघ साखळीत पहिला आला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८–२५ असे हरवून त्याने पहिले विजेतेपद मिळवले. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला टाकळीभानचा अस्लम.

१५/
त्याच लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले होते. पवन हा त्या पिढीतला अव्वल चढाईपटू. त्याच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. तरी त्याचा संघ साखळीत शेवटचा आला. पागा रिकामी असेल तर एकटा शिलेदार, कितीही शूर असो, मोहीम जिंकून देत नाही.

१६/
पुढच्या वर्षी शाडलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवून विजेतेपद मिळवले, तेही पुण्याच्या बालेवाडीत. यावरून ‘विकत घेतलेला खेळाडूच जिंकवतो’ असा निष्कर्ष कोणी काढेल. पण हरियाणाकडेही जयदीप दहिया आणि मोहित नंदल ही बचावाची जोडी २०२१ पासून स्वतः खेळवून तयार केलेली होती. सिद्ध खेळाडू तयार पायावर बसला, म्हणून शोभला.

१७/
घडवण्याच्या वाटेवरही खड्डे आहेत. २०२४ च्या त्याच हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि गतविजेती पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही. तरुण शरीरावर सारा भार टाकला की असे होते. तरीही २०२५ मध्ये अस्लमच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि दिल्लीकडून ३१–२८ असा हरला. शाडलुई नसताना पाया पुन्हा उभा राहिला.

१८/
इथवरचा युक्तिवाद मान्य करणारे पुष्कळ आहेत. आधी घडवा, मग नेमके विकत घ्या. संघमालकही आता हेच म्हणतात. परंतु बारगिराची उपमा पुरती लावून पाहिली की एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड होते. पागेत दाणा-वैरण सरकारची होती. आजचा नवखा खेळाडू स्वस्त पडतो, कारण त्याची वैरण दुसऱ्याच कोणीतरी घातलेली असते.

१९/
अठरा-एकोणीस वर्षांचा चढाईपटू संघाच्या निवड चाचणीला येतो, तेव्हा त्यामागे आठ-दहा वर्षांची मेहनत असते. गावचे मंडळ, मातीचे मैदान, पदरमोड करून स्पर्धेला नेणारे शिक्षक, शेतमजुरीतून दूध-अंड्यांचा खर्च काढणारे घर. पुणेरीने ‘युवा पलटण’ उभी केली, हे चांगलेच. पण तिथेही पोरगा पोहोचतो तो आधी कोणीतरी घडवल्यावर. देवळाली प्रवरेसारख्या गावात शेतकऱ्याला उसाची पहिली उचल मिळते, पुढे अंतिम भाव ठरतो. खेळाडू पिकवणाऱ्या गावाच्या हाती पहिली उचलही येत नाही.

२०/
फुटबॉलने यावर तोड काढलेली आहे. फिफाच्या २००१ च्या नियमांनुसार खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे मोल देऊन गेला, तर त्या रकमेतला ५ टक्के वाटा १२ ते २३ वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. युरोपातल्या मोठ्या व्यवहाराचा अंश दूरच्या गल्लीतल्या क्लबला मिळतो, आणि तो दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

२१/
कबड्डीत हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. इथे बोलीची रक्कम म्हणजे खेळाडूचे मानधन. त्यातून कापून घेणे म्हणजे गरीब घराच्या मुलाच्या खिशात हात घालणे. म्हणून वाटा संघमालकाने बोलीच्या वर द्यावा आणि तो खेळाडूच्या पहिल्या मंडळाला मिळावा. २ कोटी ६० लाख ५० हजारांवर ५ टक्के म्हणजे सुमारे १३ लाख. मातीवर शिकून थेट मॅटवर उतरणाऱ्या पोरांच्या गुडघ्यांसाठी गावात मॅट यावी, ही मागणी त्या मानाने लहान आहे.

२२/
शिलेदार की बारगीर, हा वाद लिलावाच्या मंचावर चालत राहील. इतिहासाने त्याचे उत्तर पुरेशा वेळा दिलेले आहे: आधी पागा, मग शिलेदार. पण पागा राखायची तर पावसाळ्याचे चार महिने कोणीतरी पोसावे लागते. ते गावाने फुकट करावे आणि विजयाचा चषक शहराने उचलावा, ही रीत फार काळ टिकत नाही. मैदाने ओस पडली की लिलावात बोली लावायला नावेच उरणार नाहीत.