फोटो सजवा, पण मूळ प्रत जपा

कोजागिरीला खामगावात मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो. त्या संध्याकाळी उगवत्या चंद्राचा मोबाइलवर फोटो काढला, तर चंद्र टिकलीएवढाच येतो. डोळ्यांना मात्र तो केवढा तरी दिसलेला असतो. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा भासणे ही मेंदूची किमया. कॅमेऱ्याला तसा भास होत नाही. म्हणून आठवणीतल्याप्रमाणे फोटोतला चंद्र कोणी मोठा केला, तर त्यात फारसे वावगे नाही.

अडचण पुढे आहे. आधी आठवणीनुसार फोटो बदलतो, मग बदललेल्या फोटोनुसार आठवण. २००२ मध्ये किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना बालपणी गरम हवेच्या फुग्यातून फिरल्याचा बनावट फोटो दाखवला गेला. तीन मुलाखतींअखेर निम्म्यांना ती न घडलेली सफर थोडीफार तरी 'आठवली'!

आरोग्याच्या बाबतीत तर मूळ फोटो हा पुरावा असतो. फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर ते मोतीबिंदूचे किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. दर वेळी तसे असतेच असे नाही. पण नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे. 'फोटो बिघडला' म्हणून ती चमक पुसली, तर निदानाची मोलाची वेळ हातची जाते. पापणी कधीपासून झुकली, हेही डॉक्टर जुन्या फोटोंवरून ताडतात.

तेव्हा सजावट हवी तेवढी करावी, पण वेगळ्या प्रतीवर. मूळ फोटोला हात लावू नये.